खांबावरची बुजगावणी

लिंबर्ट काल्यिसाया सुधारकेंद्रातून घरी परत आला त्याला अकरा दिवस झाले होते, तरी दारापाशी गेला की त्याचे पाय थबकायचे. दार आईच्या घराचं, पत्र्याचं, कडीसुद्धा धड न लागणारं. पण कुणीतरी येईल, किल्ली फिरवेल, नाव पुकारेल आणि मग आपण बाहेर पडायचं, ही तीन वर्षांची सवय अंगात मुरली होती. आतून आई म्हणायची, "अरे ढकल की, उघडंच आहे." मग तो ढकलायचा आणि अंगणात येऊन पुन्हा उभा राहायचा, कारण आता कुठे जायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसायचं.

आत गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. एल आल्तो शहरातल्या याच गल्लीत, समोरच्याच घरातून, दोन दोस्तांबरोबर त्यानं तेओदोरा मावशीची गॅसची टाकी उचलली होती. मावशी बाजारात असणार असं तिघांनी धरलं होतं. ती घरीच होती. दारात आडवी आली, तिला कुणीतरी ढकललं, ती पायरीवर पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ढकलणारे हात लिंबर्टचे होते. आधी त्यानं ते साफ नाकारलं. मग आठ महिन्यांनी, कुणी विचारत नसताना, सुधारकेंद्राच्या शिवणवर्गात काज करता करता एकदम कबूल करून टाकलं.

शिवणवर्ग हिलारियोन मास्तरांचा. मास्तर बाहेर नाचाच्या मिरवणुकांचे भरजरी पोशाख शिवायचे आणि आठवड्यातले चार दिवस केंद्रातल्या पोरांना शिकवायला यायचे. त्या कबुलीवर त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं होतं, "बरं. आता ते काज उसव, वाकडं झालंय." मास्तरांनी ऐकलं की नाही हे लिंबर्टला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढेही कधी कळलं नाही. पण शिवणाची त्याला गोडी लागली. सुटला तेव्हा त्याच्याजवळ प्रमाणपत्र होतं, आणि मास्तरांनी आपली एक जुनी पायमशीन टेम्पोत घालून त्याच्या घरी पाठवली होती.

बाराव्या दिवशी सकाळी प्लासिदो काका अंगणात येऊन उभे राहिले. ते गल्लीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. कुठल्याशा जुन्या दुखण्यानं त्यांच्या तोंडाची डावी बाजू वर ओढली गेली होती, त्यामुळे माणूस संतापला तरी हसल्यासारखा दिसायचा.

"शिवतोस म्हणे तू," ते म्हणाले.

"हो काका."

"काय काय येतं?"

"पँट, शर्ट, जॅकेट. कोटावर अजून हात बसायचाय."

"कोट नकोय आम्हाला." त्यांनी अंगठ्यानं खांद्यामागे, गल्लीच्या तोंडाकडे खूण केली. "तिथली बुजगावणी बघितलीस ना? उन्हावाऱ्यानं पार चिंध्या झाल्यात. एकाचं तर डोकं गळून पडलं, कुत्रं तोंडात धरून हिंडत होतं. नवी पाच पाहिजेत. मंडळ मजुरी देईल."

लिंबर्टनं तिकडे पाहिलं. विजेच्या खांबांवर, गळ्यात दोर घालून, माणसाच्या आकाराची बुजगावणी लटकत होती. एकाच्या छातीवर पाटी होती: सापडलेला चोर जाळला जाईल. वर आल्तोत वस्तीवस्तीत ती असतात. पोलिसांना यायला वेळ लागतो. बुजगावणं जागेवरच असतं.

"मी शिवू?" त्यानं विचारलं.

"मग कोण? दुसरा शिंपी आहे का इथं?"

"पण काका, मी तर..."

"तू तर काय?"

"काही नाही," तो म्हणाला.

"रविवारी सभेला ये. तिथं पक्कं करू." एवढं बोलून काका गेले. ते हसत होते की तोंडच तसं होतं, हे त्याला ठरवता आलं नाही.

त्याची आई सातुर्निना सकाळी चौकात आपी विकायची, जांभळ्या मक्याचं गरम पेय, आणि सोबत तेलातून काढलेल्या पुऱ्या. ती रिकामं पातेलं घेऊन आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं.

"घे काम," ती टोपी खुंटीला अडकवत म्हणाली.

"त्यांनी चेष्टा केली असली तर?"

"चेष्टा असली तर मजुरी घे आणि चेष्टाही ऐकून घे. तीन वर्षं या गल्लीतल्या एकाही बाईनं माझ्या हातची आपी प्यायली नाही, पलीकडच्या रस्त्यावर जाऊन विकायचे मी. परवापासून दोघी यायला लागल्यात. तू आता मध्येच नखरे करू नकोस."

मग त्यानं मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, मला काम आलंय."

"छान. कसलं?"

त्यानं सांगितलं. पलीकडे मशीन चालूच होती.

"भरणार कशानं?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, मी विचारतोय की करू का नको?"

"ते मला काय विचारतोस, मी शिंपी माणूस. भुसा भरू नकोस, पावसात फुगतो. प्लास्टिकच्या पिशव्या भर. आणि गळ्यापाशी दुहेरी टीप घाल, सगळा भार तिथंच येतो."

केंद्रात एक वर्ग असायचा. तिथं शिकवलं होतं की कुठलीही गोष्ट करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे: यानं कुणाला इजा होईल का, हे आईला सांगता येईल का, उद्या याची लाज वाटेल का. लिंबर्ट खाटेवर बसून प्रश्न विचारत राहिला. इजा कुणालाच नव्हती, आत प्लास्टिक भरायचं होतं. आईला सांगून झालं होतं. लाजेचं मात्र त्याला उमगेना, कारण ती आजच वाटत होती आणि ती बुजगावण्यांची की स्वतःची हे वेगळं काढता येत नव्हतं.

रविवारी फुटबॉलच्या मैदानावर सभा भरली. वारा इतका की बायका टोप्या धरून बसलेल्या. प्लासिदो काकांनी वहीतून ठराव वाचला: पाच बुजगावणी, काम लिंबर्ट काल्यिसाया याच्याकडे. मिनीबस चालवणारा रुपेर्तो मागून म्हणाला, "चांगलं आहे की, अनुभवी कारागीर मिळाला." लोक हसले. आईनं मान फिरवून रुपेर्तोकडे अशी नजर टाकली की त्यानं पुढचा विनोद गिळला.

काका म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका. तोंडं अक्राळविक्राळ काढायची की नुसती रिकामी ठेवायची, यावर मागच्या वेळी तासभर भांडलात. आता विचारू या. लिंबर्ट, ऊठ. तू सांग. चोर कशाला भितो?"

तो उठला. दीडशे डोळे त्याच्यावर. पुढच्या ओळीत स्टुलावर, काठी मांडीवर आडवी ठेवून, तेओदोरा मावशी बसली होती. केंद्रातल्या गटचर्चेत अशा वेळी काय बोलायचं ते त्याला तोंडपाठ होतं, पण इथं त्यातलं एकही वाक्य बसेना.

"मी वर बघितलंच नव्हतं कधी," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बुजगावण्यांकडे. आम्ही त्यांच्या खालूनच गेलो, पण बघितलं नाही. टाकी जड असते. नजर जमिनीवर असते."

मग तेओदोरा मावशीनं विचारलं, "मग भीत होतात कशाला?" तीन वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"दारात बसलेल्या माणसाला. कुणी दारात बसलेलं दिसलं की आम्ही पुढं जायचो. ही गल्ली धरली ती दुपारी रिकामी असते म्हणून. सगळे बाजारात जातात."

त्यावर जे भांडण जुंपलं ते दुपारपर्यंत चाललं. कुणी म्हणे बुजगावण्यांवर खर्च कशाला, कुणी म्हणे खालच्या गल्लीत आहेत तर आपल्याकडे नकोत का, कुणी म्हणे दिवसा राखण कोण करणार, पोट कोण भरणार. शेवटी ठरलं ते असं: दर दुपारी दोन-दोन घरांतलं एकेक माणूस शिट्टी घेऊन गल्लीत फिरेल, पाळ्या लावायच्या, आणि बुजगावणीही करायची, कारण ठराव वहीत लिहून झाला होता आणि खोडाखोड काकांना खपत नसे. हात वर झाले. लिंबर्टनंही केला. बुजगावण्यांचा उपयोग नाही असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी एकमतानं ती त्यालाच करायला दिली होती. घरी जाताना तो आईला म्हणाला, "मला काही समजलंच नाही." आई म्हणाली, "सभा आहे ती. कुणालाच समजत नाही."

लोकांनी जुने कपडे आणून टाकले. मापाला एक अंग हवं होतं, म्हणून त्यानं टेप घेऊन प्लासिदो काकांचंच माप घेतलं. काका हात पसरून शांतपणे उभे राहिले. केंद्रात मास्तरांनी शिकवलं होतं तसंच त्यानं सगळं केलं, खडूनं खुणा, कच्चा टाका, मग पक्की टीप. पोती कापून तोंडं केली, डोळे रंगवले नाहीत. एकच अडचण यायची. कापून झालं की तो कात्री हातात घेऊन इकडेतिकडे बघत राहायचा. केंद्रात प्रत्येक कात्रीचा आकार फळीवर रंगवलेला असायचा, तिथं ती लावून सही केल्याशिवाय जागचं हलायचं नाही. इथं कात्री नुसती खाली ठेवायची होती. पहिल्या आठवड्यात तो ती प्रत्येक वेळी आईच्या हातात नेऊन द्यायचा, आणि आई पुऱ्या लाटता लाटता ती पिठात ठेवायची.

सुटकेची अट होती की वर्षभर समुपदेशक रोसियोबाईंनी त्याला भेटत राहायचं. त्या खालच्या ला पास शहरातून केबलकारनं वर आल्या, तेव्हा अंगणात भिंतीला टेकून तीन बुजगावणी बसलेली होती. बाई दारातच थांबल्या.

"लिंबर्ट, हे तुला कुणी करायला लावलं?"

"मंडळानं, बाई. मजुरी आहे."

"तुला कळतंय ना काय चाललंय? हे लोक तुला तुझाच पुतळा शिवायला लावताहेत. आणि मग तो फासावर टांगणार आहेत."

"नाही बाई, माप प्लासिदो काकांचं आहे."

बाई हसल्या नाहीत. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे करताना तुला काय वाटतं?"

"कळत नाही."

"कळत नाही म्हणजे राग येतो, की वाईट वाटतं?"

"त्यात तिसरं काही नाही का, बाई?"

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या की मी मंडळाला पत्र लिहिते, हे काम थांबवायला सांगते, अशानं तीन वर्षांची मेहनत वाया जाईल. लिंबर्टला बाईंचं म्हणणं पटलं. आईचंही पटलं होतं. मास्तरांची दुहेरी टीपही पटली होती. सगळ्यांचं एकाच वेळी पटतंय म्हणजे आपल्याला स्वतःचं काही नाहीच की काय, अशी त्याला धास्ती वाटली.

"पत्र नका लिहू, बाई," तो म्हणाला. "दोनच राहिलीत."

"नक्की?"

"नक्की नाही. पण नका लिहू."

आईनं बाईंपुढे आपीचा पेला ठेवला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला, आणि आपी संपेपर्यंत त्या एका बुजगावण्याचं कोपर निरखत राहिल्या, जिथं त्यानं ठिगळ असं लावलं होतं की शिवण दिसत नव्हती.

बुजगावणी टांगली गेली. लोकांनी माना वर करून बघितलं आणि पुढच्याच आठवड्यात बायका शाळेचे गणवेश घेऊन यायला लागल्या. एकीनं तर सरळ सांगितलं, "त्या तिसऱ्या खांबावरच्याची पँट आहे ना, तशी कंबर कर." त्यानं तशी केली. काम वाढलं, आईची आपीही लवकर संपायला लागली.

मग एका बुधवारी रुपेर्तोच्या घरातली गॅसची टाकी गेली.

पाच वाजेपर्यंत लिंबर्टच्या अंगणात आठ माणसं जमली. कुणी आरडाओरडा केला नाही. प्लासिदो काका पुढं होते आणि तोंड नेहमीसारखं हसरं होतं. "बघू दे आम्हाला," ते म्हणाले, "नाहीतर बोलत राहतील." आई दारात हात पसरून उभी राहिली. लिंबर्टनं तिचा हात खाली घेतला आणि सगळ्यांना आत नेलं. खाटेखाली दाखवलं, मशीनमागं दाखवलं, कपड्यांचे गठ्ठे उलटे करून दाखवले. दाखवताना त्याला स्वतःलाच भीती वाटत होती, की टाकी खरंच कुठंतरी निघेल. टाकी निघाली नाही. माणसं एकेक करून बाहेर पडली. जाता जाता एक बाई मशीनकडे बघून म्हणाली, "यावर चेन बसवता येते का रे?"

"येते," तो म्हणाला.

शुक्रवारी कळलं की टाकी रुपेर्तोच्या जावयानं बारशाच्या जेवणासाठी नेली होती आणि सांगायला विसरला होता. शनिवारी रुपेर्तो स्वतः आला. हातात खाकी पँट होती.

"शिवण उसवलीय मागं," तो म्हणाला.

लिंबर्ट थांबला. रुपेर्तोही थांबला. केंद्रात माफी कशी मागायची याचा महिनाभराचा वर्ग झाला होता, नजर कुठं ठेवायची इथपासून. समोरच्यानं मागितलीच नाही तर आपण काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"मंगळवारी न्या," शेवटी तो म्हणाला.

राखणीच्या पाळ्या घरांच्या क्रमानं लागल्या होत्या, आणि समोरासमोरच्या घरांची जोडी. त्यामुळे गुरुवारी दोन ते चार लिंबर्ट आणि तेओदोरा मावशी. प्लासिदो काकांनी मावशीला विचारलं होतं, बदलून देऊ का. ती म्हणाली होती, "लागला नंबर तो लागला."

गुरुवारी ती शिट्टी गळ्यात अडकवून बाहेर आली आणि काहीही न बोलता चालायला लागली. लिंबर्ट तिच्या बाजूनं निघाला. पाच पावलांत तो पुढं गेला, मग थांबला, मग पुन्हा पुढं गेला. तिच्या चालीनं चालायचं म्हणजे नेमकं किती हळू, ते जमेना. मागं राहावं तर पाळत ठेवल्यासारखं दिसत होतं.

"सरळ चाल," मावशी म्हणाली. "मला माहीत आहे मी लंगडते ते."

दुसऱ्या वळणावर ती म्हणाली, "तुझं पत्र आलं होतं."

त्याचे पायच थांबले. केंद्रात दुसऱ्या वर्षी त्यानं तिला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, तेव्हा पोचलंच नसेल असं त्यानं मनाला समजावलं होतं.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "भाचा आला होता, त्याच्याकडून वाचून घेत होते. अर्धं वाचलं आणि त्याची बस सुटायची वेळ झाली. पत्र खिशात तसंच घेऊन सांताक्रूसला गेला बावळट."

"अर्ध्यात काय होतं?"

"की तू बरा आहेस. जेवण बरं आहे. कोण मास्तर आहेत ते शिवण शिकवतात. मग 'त्या दिवशी' असं सुरू झालं आणि हा उठला." ती थांबून त्याच्याकडे बघायला लागली. "त्या दिवशी काय?"

लिंबर्टनं आठवून पाहिलं. चार वेळा लिहिलं होतं ते, दर वेळी वेगळं. शेवटी कुठलं पाकिटात घातलं हे आता त्यालाही सांगता आलं नसतं.

"त्या दिवशी मी तुम्हाला ढकललं," तो म्हणाला.

"ते मला माहीत आहे. मी तिथंच होते. पुढं काय लिहिलं होतंस?"

"आठवत नाही, मावशी. चार वेळा लिहिलं होतं."

"माफी मागितली होतीस?"

"हो."

"चारही वेळा?"

"हो."

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली.

कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर ती टेकली. शालीतून तिनं फडक्याची पुरचुंडी काढली, उकडलेले चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेले बटाटे, आणि खारट चीज. अर्धं त्याच्यापुढं केलं. त्यानं घेतलं, खायला सुरुवात केली, आणि हे दुपारचं खाणं आहे की काही उत्तर आहे याचा विचार करता करता त्याच्या तोंडून निघून गेलं, "आता मागू का? माफी?"

"आधी गिळ ते."

त्यानं गिळलं. "मला माफ करा, मावशी. मी टाकी सोडून पळायला हवं होतं. मी तुम्हाला ढकललं."

मावशी रस्त्याकडे बघत होती. एक अनोळखी माणूस खांद्यावर पोतं घेऊन गल्लीत शिरला, पायरीवरच्या दोघांना बघितलं आणि तसाच पुढं निघून गेला.

"कोण रे तो?" मावशीनं विचारलं.

"माहीत नाही."

"चोर होता का?"

"मला तोंडावरून कळत नाही, मावशी."

"मला वाटलं तुला कळत असेल." तिनं फडकं झटकलं. मग म्हणाली, "खुब्यात थंडीत दुखतं. आता दुखत नाही. तू माफी मागितलीस म्हणून हाड काही सरळ होणार नाही, आणि नाही मागितलीस तरी तू समोरच राहणार. मी काय बोलावं ते मला सुचत नाही. सुचलं की सांगीन."

"बरं," लिंबर्ट म्हणाला.

चार वाजता त्यांनी शिट्टी पुढच्या जोडीला दिली. आपल्या दारात शिरताना मावशी मागं न बघता म्हणाली, "पुढच्या खेपेला तूच हाक मार. माझ्याकडे घड्याळ नाही."

घरी आल्यावर आईनं विचारलं, "मग? केलं माफ?"

"कळलं नाही. चीज दिलं."

तिलाही काही ठरवता आलं नाही. ती पातेलं घासायला बसली आणि त्यानं मशीनवर गणवेशाची बाही घेतली.

पाळी पुन्हा आली तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी असतानाच तो समोरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला आणि त्यानं हाक मारली. आतून आवाज आला, "थांब, शाल घेते."